इसारावरचा संसार

सिंधूताई खिल्लारे सध्या कुठे राहतात, हे हिंगोलीत खात्रीने सांगू शकणारी माणसं दोनच होती. एक गॅसची टाकी पोचवणारा आणि एक मी. त्यातही गॅसवाला मलाच विचारून पुढे जायचा, म्हणजे खरं तर मी एकटाच. बसस्टँडच्या अलीकडे माझं रंगाचं आणि पुट्टी-सिमेंटचं दुकान होतं. बाई घर बदलायच्या तेव्हा आधी माझ्याकडे यायच्या, मग टेम्पोवाल्याकडे जायच्या, आणि नवऱ्याला सांगायचं तेवढं राहून जायचं. निदान त्यांचे यजमान किसनराव तरी असंच म्हणत.

आता मी दुकान आवरून वसमतला लेकीकडे आलो आहे. इथे कुणी घराला रंग द्यायला काढला की मला हमखास सिस्टर आठवतात. ताई म्हणून त्यांना कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. जन्मभर आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या, आज सेनगावच्या बाजूला तर उद्या औंढ्याच्या बाजूला. निम्म्या जिल्ह्यातली लेकरं त्यांच्या हातावर जन्मली, आणि ती लेकरं मोठी होऊन बापे झाली तरी त्यांना सिस्टरच म्हणत. निवृत्त झाल्यावर बायका विहारात जातात, नातवंडं खेळवतात. सिस्टरांनी घरं घ्यायला आणि विकायला सुरुवात केली.

घरं कसली? कुणीतरी नोकरीच्या पैशातून घाईघाईने बांधलेली, स्लॅब गळणारी, पोरं पुण्याला गेल्यामुळे कुलूप लागलेली. अशी घरं आमच्या गावात प्रत्येक गल्लीत एखाद-दुसरं तरी असतं. पूर्ण पैसे मोजून घर घेण्याइतकी ऐपत सिस्टरांची नव्हती. पण आमच्याकडे त्यालाही वाट आहे. मालकाला थोडी रक्कम इसार म्हणून द्यायची, खरेदीखताला सहा-आठ महिन्यांची मुदत घ्यायची आणि ताबा आधीच मागून घ्यायचा. मुदतीच्या आत घर नीटनेटकं करायचं, नवं गिऱ्हाईक आणायचं, त्याच्या पैशातून मालकाचे पैसे भागवायचे आणि मालकाकडूनच थेट गिऱ्हाइकाच्या नावे खरेदीखत करून द्यायचं. मधला फरक तो आपला. त्यामुळे एवढी घरं हाताखालून गेली, पण सिस्टरांच्या नावावर एकही घर लागलं नव्हतं.

हा धंदा करणारे पुरुष गावात बरेच होते. ते इसार देत, घराला आपलं कुलूप लावत आणि गिऱ्हाईक आलं की पान थुंकत किल्ली काढत. सिस्टर मात्र बिऱ्हाड घेऊन त्या घरात राहायलाच जात. मिस्तरी एका खोलीत गिलावा करून राहिलाय आणि दुसऱ्या खोलीत सिस्टर भाकरी थापतायत, असा प्रकार.

"भाऊ, कुलपाचं घर पडक्या भावात जातं," असं त्यांनी मला समजावलं होतं. "घर राबतं दिसलं पाह्यजे. दोरीवर कपडे वाळून राहिले पाह्यजेत, मोरीपाशी बादली भरलेली पाह्यजे. मानूस घर घेत न्हाई. त्या घरात आपन कसं राहू, ते घेतो."

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी आलं की मी त्यांना फोन करायचा, एवढं काम माझ्याकडे असे. फोन आला की सिस्टर कढईत तेल टाकत. गिऱ्हाईक फाटकातून आत पाऊल टाकतं न टाकतं तोच कांद्या-लसणाची फोडणी त्याच्या नाकात शिरायची. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, ही तर फसवणूक झाली." त्या म्हणाल्या, "काहून? जेवायला घालतेच की त्यायला!" आणि खरंच घालत. किती गिऱ्हाइकं सौदा न करता नुसती जेवून गेली, त्याचा मात्र त्यांना जरा राग यायचा.

त्या दुकानात येऊन खुर्चीवर बसल्या असं कधी झालं नाही. चहा मागवला तर अर्धा उभ्याने पीत आणि उरलेला काउंटरवर ठेवून निघून जात. बोलता बोलता माझ्याच दुकानाच्या भिंतीवर तळहात टेकवत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा, आणि म्हणत, "हितं ओल हाय बरं का, भाऊ." मी म्हणायचो, "असू द्या." ते त्यांना सहन व्हायचं नाही. पुढच्या वेळी येताना त्या मिस्तरी घेऊनच आल्या. दुकानाचं काम मी काढलं नव्हतं, पैसे मात्र मी दिले.

त्यांच्या आवडीचा रंग कोणता, हे मला आजही माहीत नाही. बाहेरून साय घातलेल्या दुधासारखा, आतून त्याहून फिका, बस्स. एकदा मी नवं रंगांचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "यातला तुम्हाला कोणता बरा वाटतो? गिऱ्हाइकाचं सोडा." त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. "माझं काय करता? मला कुठं राहायचंय तिथं?" असं म्हणून परत दिलं. चार भिंती रंगवून झाल्या की त्यांचा जीव त्या घरातून उडायचा. काम चालू असेपर्यंत त्या ताज्यातवान्या दिसत. शेवटचा हात फिरला, मिस्तरी पोती-बादल्या घेऊन गेला, की दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीवर हजर. "भाऊ, एखांदं पडीक घर दिसलं का?"

बाजारात हळदीचा भाव काय निघाला, हे त्या रोज विचारत. शेतात एक काकरी नाही, पण हळद चढली की सिस्टर मोंढ्यातल्या बाजारात. तिथे त्या हळद पाहत नसत, माणसं पाहत. कोण हसत बाहेर पडतंय, कुणासोबत बायको आली आहे, ती लेकराच्या शाळेचं काही बोलते आहे का. खेड्यातल्या माणसाच्या हातात चार पैसे आले की त्याला लेकरांच्या शिक्षणासाठी हिंगोलीत घर हवं असतं, हे त्यांचं पक्कं गणित होतं आणि ते बहुतेक बराबर यायचं.

आता किसनरावांबद्दल. ते एसटीत ड्रायव्हर होते. उभं आयुष्य डेपोच्या विश्रांतिगृहात, गाडीच्या बाकड्यावर नाहीतर मुक्कामाच्या गावी शाळेच्या ओट्यावर झोपून काढलेलं. बोलणं कमी, आणि जे बोलत ते बायकोला चिडवण्यासाठी. तेही तिला सिस्टरच म्हणत. "सिस्टर, आज आपन कुन्या गावात हाव?" असं सकाळी उठल्यावर विचारायचे म्हणे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घोषणा केली होती, "मी आता गाडी लावली." त्यांना एकच हवं होतं. एक घर, एक खाट, आणि सकाळी डोळे उघडल्यावर दार कुठल्या बाजूला आहे ते आठवावं लागू नये, इतकंच.

त्यासाठी त्यांनी एकदा युक्तीही करून पाहिली. पोलीस लाइनीच्या मागच्या घरात त्यांना वारा चांगला लागायचा, झोप चांगली लागायची. ते घर पाहायला सेनगावचं एक शिक्षक जोडपं आलं. सिस्टर बाईंना स्वयंपाकघर दाखवत होत्या तेवढ्यात किसनरावांनी गुरुजींना अंगणात नेलं आणि घराच्या सगळ्या खोड्या सांगून टाकल्या. मागच्या खोलीला पावसाळ्यात वास येतो, नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, समोरचा माणूस उगीच भांडण काढतो. मनात म्हणाले, आता हा काही पुन्हा फिरकत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच गुरुजी माझ्या दुकानात. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "अहो, काय सरळ माणूस! एवढं आपल्या तोंडाने सांगितलं, तो आणखी काय लपवणार? मी इसार देऊनच आलो."

सिस्टरांना हे कळलं तेव्हा त्या पदर डोळ्यांना लावून हसत सुटल्या. त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी किसनरावांना फर्मान, "अहो, तुमी तेवढं अंगनात बसून खोड्या सांगा." किसनरावांनी मग गिऱ्हाईक येणार म्हटलं की डेपोत जाऊन बसायला सुरुवात केली.

रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं घर घेतलं तेव्हा मात्र गोष्ट निराळी झाली. ते घर किसनरावांच्या मनात भरलं. त्यांनी भंगारातून एसटीचं एक जुनं सीट विकत आणलं, त्याला लाकडी पाय ठोकले आणि पुढच्या पडवीत ठेवलं. संध्याकाळी दोन निवृत्त कंडक्टर त्यावर येऊन बसू लागले. गावातल्या भानगडी, नव्या गाड्यांची निंदा, चहा. एका संध्याकाळी पुट्टीचे पैसे न्यायला मी गेलो होतो. किसनराव माझ्यादेखत म्हणाले, "सिस्टर, हे घर ठेवू."

सिस्टर उंबऱ्यात उभ्या होत्या. "ठेवू की," त्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत, असं मी आजही म्हणेन. त्या क्षणी त्यांना खरोखरच ठेवायचं होतं. बँकेतून कर्ज काढून मालकाचे पैसे भागवायचे आणि या वेळी खरेदीखत स्वतःच्या नावे करायचं, अशी चौकशीही त्यांनी माझ्यासमोर केली. पण काम संपलं तसा त्यांचा जीव घरात ठरेना. चांगला ओटा फोडून दुसरीकडे बांधला. मग तिथलाही फोडला. एकदा कोपऱ्यातली बरी चाललेली शहाबादी फरशी उखडून बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काई न्हाई. हात रिकामे हायेत."

आणि त्याच दिवसांत हळद चढली.

किसनरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला ठरलं होतं. मुलगा पुण्याहून येऊन त्यांना घेऊन गेला. मुलाने त्यांना परतीच्या बसमध्ये बसवून दिलं त्या दिवशी मी त्यांना बसस्टँडवरून स्कूटरवर घरी आणलं. डोळ्यांना काळा चष्मा. फाटकाशी पोचतो तो आत माणसं. हट्टा गावचं एक शेतकरी जोडपं. नवरा दाराची रुंदी टेपाने मोजत होता, आपलं कपाट आत जाईल का म्हणून. बायको कौतुकाने म्हणाली, "काका, घर लई मनापासून ठेवलं बगा तुमी. आमच्या पोरीची शाळा इथून जवळ पडते."

सिस्टर मधल्या दारात उभ्या होत्या. त्यांचं तोंड पाहून मला सगळं समजलं. इसार घेऊन झाला होता.

किसनरावांनी चष्मा काढला नाही. "बरं झालं," म्हणाले. "चहा घेतला का पाव्हन्यानं?" मग एसटीच्या सीटवर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं आणि सिस्टरांचा रागही आला. तो मी बोलूनही दाखवला. म्हटलं, "इसार परत करा. दुप्पट मागतील तर दुप्पट द्या, मी भर घालतो."

"भाऊ, इसार फिरवला तर उद्या माझ्या शब्दावर ताबा कोन दील?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आन् त्या पोरीच्या मायनं माझा हात धरला हो. मला न्हाई म्हनता आलं न्हाई."

दोन दिवस किसनराव त्या घरात जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी आपली ट्रंक आणि अंथरुणाची वळकटी घेऊन रिक्षात बसले आणि निघून गेले.

ते कुठे गेले हेही मला दुकानातच कळलं. जुन्या बाजारात हमीदचाचांचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान आता बंद, चाचा वर एकटे राहत, आणि मागची एक खोली किरायाने देत. किसनरावांनी ती घेतली होती. सिस्टर मला म्हणाल्या, "तुमी चला माझ्यासंगं." एवढ्या घरांचे सौदे केलेली बाई, पण नवऱ्याच्या खोलीवर एकटी जायला कचरत होती.

खोली दहा पावलांत संपणारी. एक खाट, एक स्टूल, एक माठ. सिस्टर आत गेल्या आणि त्यांची नजर सवयीने आधी भिंतीवर गेली. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत ओल उतरली होती, पोपडे सुटले होते.

"भिंतीकडं बगू नको," किसनराव म्हणाले. "ही खोली काहून घेतली सांगू का? ही तुला इकता येत न्हाई."

सिस्टर तडकल्या. "आख्खी जिनगानी नोकरी केली. लोकायला घरं करून देली. आन् मी आता किरायानं राहू?"

"तुला चल म्हनून राहिलो का मी? तू आलीस तर बसायला जागा हाय. पर मी इथून उठनार न्हाई आता." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. सिस्टर तरातरा बाहेर गेल्या, चप्पल घालायलाही थांबल्या नाहीत. मी दोन्ही चपला उचलून मागे धावलो.

हट्ट्याच्या माणसांना घर द्यायच्या दिवसापर्यंत त्या स्टेशनमागच्या घरातच राहिल्या. वारंगा फाट्याच्या एका घराचा इसार त्यांनी आधीच देऊन ठेवला होता. ठरल्याप्रमाणे टेम्पो भरला. सगळ्यात शेवटी बुद्धाची तसबीर उतरवून मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या. टेम्पोवाल्याने मला नंतर सांगितलं. म्हणाला, नांदेड रस्त्याला लागेपर्यंत सिस्टर पदराने तसबीर पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "उलटी घे गाडी. जुन्या बाजारात." तो म्हणाला, "तिथं हे सगळं मावंल का?" त्या म्हणाल्या, "न मावलं तर तू घेऊन जा." कपाट आणि मोठा पलंग खरोखरच त्याच्याकडे गेला.

त्या राहायला आल्या आणि खरा छळ सुरू झाला. छळ कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचाच. हमीदचाचांचा एकच नियम होता, भिंतीला खिळा मारायचा नाही. सिस्टरांनी पहिल्याच दिवशी तसबिरीसाठी हातोडी काढली आणि चाचा वरून ओरडले, "सिस्टर, कीला नक्को! दीवार कच्ची है!" तसबीर स्टुलावर ठेवावी लागली. ती ओल शेजारच्या मोरीतून येते, हे सिस्टरांनी तासाभरात शोधून काढलं. चाचांना सांगितलं, मी माझ्या खर्चाने करते. चाचा हात जोडून म्हणाले, "बरसों से ऐसाइच है. तुमको क्या तकलीफ है?" तकलीफ काय ती सिस्टरांना सांगता येईना. खोलीत त्या खाटेवरून उठायच्या, ओलीला हात लावायच्या, पुन्हा बसायच्या. किसनराव पेपर वाचत. त्यांची तब्येत मात्र सुधारली, हे मला कबूल केलं पाहिजे.

आता वारंगा फाट्याच्या घराचं काय? ते घर राबतं ठेवायला सिस्टर रोज सकाळच्या एसटीने जात, तिथे चूल पेटवत, दोरीवर कपडे टाकत आणि संध्याकाळी खोलीवर परत येत. रस्त्याकडेचं ऐसपैस घर. रंगही सुरेख बसला होता, मीच दिला होता. गिऱ्हाइकंही आली. पण एका बाईने विचारलं, "तुमी इथंच राहता का?"

"दिवसा," सिस्टर म्हणाल्या.

"आन् रातचं?"

सिस्टरांना पटकन खोटं सुचलं नाही. बास. आठवडाभरात फाट्यावरच्या हॉटेलांतून बातमी पसरली की त्या घरात रातचं काहीतरी आहे. मालकीणसुद्धा दिवस मावळायच्या आत पळून जाते, डोळ्यांनी पाहिलंय म्हणे लोकांनी, बॅग छातीशी धरून एसटीमागे धावताना! धावायच्या त्या, हे खरंच होतं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून धावायच्या. झालं, गिऱ्हाईक येणं बंद पडलं. मुदत संपत आली. मालक इसार बुडवायच्या गोष्टी करू लागला. शेवटी सिस्टरांनी सोनं बँकेत गहाण ठेवलं आणि ते घर स्वतःच्या नावे करून घेतलं. जन्मात पहिल्यांदा एक घर त्यांच्या नावावर लागलं, तेही कुणी घेत नव्हतं म्हणून.

मी म्हटलं, "सिस्टर, पंधरा दिवस किसनरावांना घेऊन तिथे झोपायला जा. लोकांना दिवा दिसू द्या. बोलणारे आपोआप गप्प बसतील."

"म्हाईत हाय मला."

"मग विचारा की त्यांना."

"इचारलं तर ते येतील, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "म्हून तर इचारत न्हाई."

मी त्यांना कितीतरी वर्षं ओळखत होतो. पण ही बाई मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली असं वाटलं. मी गुपचूप पुढच्या गिऱ्हाइकाचा रंगाचा डबा ढवळायला घेतला. फाट्यावरचं घर पुढे एका ढाबेवाल्याने सामान ठेवायला घेतलं. भुताला तो भीत नव्हता, पण भाव पाडायला त्याने भुताचा चांगला उपयोग केला. सोनं सुटलं, हातात फारसं काही उरलं नाही.

त्यानंतर सिस्टरांनी नवा इसार दिल्याचं मी ऐकलं नाही. दुकानात मात्र येत. हळदीचा भाव विचारत आणि उत्तर ऐकून घेण्याआधीच दुसरं काहीतरी बोलत. माझ्या दुकानातले डबे त्यांनी दोनदा नव्याने लावून दिले.

आणि मग एक दिवस दुपारी आल्या त्या सरळ काउंटरच्या आतच. आवाज खाली आणून म्हणाल्या, "चाचा घर इकून राहिलेत."

हमीदचाचांची मुलं नांदेडला होती. बापाला एकटं ठेवायला ती तयार नव्हती, आणि चाचांनाही आता जिना चढवत नव्हता. चाचांनी सगळ्यात आधी सिस्टरांनाच बोलावून विचारलं होतं, तुम घर का काम करते, तुमइच ले लो. भाव अगदी रास्त. पैसे नांदेडच्या घरी बसून हप्त्याने घ्यायची तयारी. पुढे दुकान, वर दोन खोल्या, बाजारातली जागा.

मला इतका आनंद झाला की मी गल्ल्यावरून उठलोच. म्हटलं, "मग वाट कसली बघता? घेऊन टाका! किसनरावांना खोली सोडायची नाही, तुम्हाला घर हवं. दोघांचंही झालं. ती ओलही काढता येईल."

सिस्टरांनी मान हलवली. "न्हाई, भाऊ. मी मला वळखते. घेतलं की मी ती ओल काढनार. मग ओटा करनार, रंग देनार. सगळं चकचकीत झालं की एक दिवस कोनीतरी दारात येऊन उभं राहनार, आन् माझ्या तोंडातून भाव निघून जानार. ते पुन्हा ट्रंक उचलतील. आता कुठं जातील ते?" त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाहीत. "पर दुसऱ्यानं घेतलं तर तो बी पैल्यांदा किरायदारच काढनार. ते मी होऊ देनार न्हाई. त्यायला सांगू नका बरं, घर इकायला निघालं म्हून. झोप उडंल त्यायची."

त्या दिवसापासून सिस्टर पुन्हा पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरल्या. मोंढा, डेपो, कचेऱ्या, कळमनुरीपर्यंत. गिऱ्हाइकं पुष्कळ होती, पण मागच्या खोलीची अट ऐकली की मागे सरायची. भाव कमी होऊ शकतो का, हे विचारणारे होते. अट कमी होऊ शकते का, हे विचारलं की सिस्टर फोन ठेवून द्यायच्या.

शेवटी मोबाइलच्या दुकानाला जागा शोधणारा कळमनुरीचा एक तरुण आणि त्याची बायको तयार झाल्यासारखी वाटली. घर पाहायला येणार होती. वरच्या खोल्यांना कोणता रंग देता येईल ते दाखवायला सिस्टरांनी मला कार्ड घेऊन बोलावलं. मी पोचलो तेव्हा पुढचं दुकान आणि वरचा मजला बघून झाला होता. हमीदचाचा जिन्याच्या तळाशी काठी घेऊन बसले होते. सिस्टर त्या जोडप्याला बोळातून मागे घेऊन चालल्या होत्या. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

खोलीचं दार उघडंच होतं. किसनराव खाटेवर बसून मेथी निवडत होते. त्यांनी वर पाहिलं. दारात बायको, तिच्यामागे अनोळखी जोडपं, त्यांच्यामागे हातात रंगाचं कार्ड घेतलेला मी. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. तो चेहरा मला विसरता येत नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांची नजर खाटेखालच्या ट्रंकेकडे गेली.

"ही मागली खोली," सिस्टर त्या तरुणाला म्हणाल्या. "आन् हे किरायदार. हे घर जो घेईल त्यानं ह्यायला काढायचं न्हाई. ते सवता हून जातील तवाच जातील. हे खरेदीखतात लिहून पाह्यजे. बाकी भावाचं तुमी चाचासंगं बोला, मला त्यातलं काई नको."

तरुणाने खोलीभर नजर फिरवली. "किराया बराबर देतात ना?"

"मी देते," सिस्टर म्हणाल्या.

"तुमी?" तो गोंधळला. "तुमी तर घर दाखवून राहिल्या. तुमी कोन मंग?"

"मी बी किरायदारच हाय. ह्यायच्यासंगट."

त्या तरुणाच्या बायकोने त्याच्या कोपराला हात लावला आणि मान हलवली, हो म्हण अशी. मी उगाच कार्ड उघडून पिवळ्या रंगाच्या छटा बघत राहिलो.

किसनरावांनी मेथीची टोपली उचलून पलीकडे ठेवली आणि खाटेवर थोडं सरकून घेतलं. गिऱ्हाइकाला तसंच दारात उभं ठेवून सिस्टर आत गेल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या.